जुनी बोडी हाती आली असेल तर: आधी पाळ, मग सांडवा, मग पोहणं

गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीतल्या चार जणांनी भंडारा-गोंदियाकडे शेती घेतली. कोणी नागपूरची नोकरी सांभाळून, कोणी निवृत्तीनंतर. चौघांपैकी तिघांच्या शेतात जुनी बोडी निघाली, आणि खरं सांगायचं तर शेती घेतली ती तिच्याकडे बघूनच. पाण्यात कमळं, पाळीवर मोह, समोर धानाच्या बांध्या. मुलांना पोहायला आणू, एखादा डोंगा ठेवू, हिवाळ्यात पाहुण्यांना पक्षी दाखवू, असे बेत त्याच दिवशी ठरतात. मग श्रावणात रात्री फोन येतो: "पाळीतून पाणी झिरपून राहिलंय, काय करू?"

त्या फोनवर मी जे सांगतो ते इथे सविस्तर लिहितोय. आमची बोडी साकोलीकडे आहे, आजोबांच्या हातची, साठ वर्षांहून जुनी. तिची पाळ मी लहानपणापासून दर पावसाळ्यात चालतो. बोडीत पोहायला मीही तिथेच शिकलो, त्यामुळे हे सगळं कोणाला पाण्यापासून लांब ठेवायला लिहिलेलं नाही.

बाहेरून आलेल्यांसाठी एवढंच: बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला, उताराच्या तोंडाशी मातीची पाळ घालून अडवलेलं पाणी. धान निसवताना पावसाने दडी मारली की हेच पाणी एक-दोन वेळा देऊन पीक हाती येतं. पश्चिम विदर्भात हा शब्द चालत नाही, तिकडे शेततळं असतं किंवा नाल्यावरचा जुना मातीचा बांध. नियम तेच, फक्त काळ्या मातीमुळे भेगांचा त्रास तिकडे जास्त.

आधी कागद

आमच्याकडे मोठे तलाव आणि बोड्या शेजारी शेजारी नांदतात, पण त्यांची मालकी वेगळी. मोठे ते मालगुजारी तलाव, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जुन्या जमीनदारांचे, मालगुजारांचे; बोलण्यात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा हात. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध तलावाचं श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिलं जातं. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारकडे गेले. बोड्या मात्र शेतकऱ्यांच्या खाजगी राहिल्या. विकणारा "तलाव आपलाच हाय भाऊ" म्हणाला, तरी तो मामा तलाव आहे की बोडी हे तलाठ्याकडे जाऊन बघा. (या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठीच म्हणतात.) सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, किती लावलंय, इतर हक्कात काय लिहिलंय, गाव नकाशात पाणी कसं दाखवलंय, आणि निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज (गावाच्या वहिवाटीच्या हक्कांच्या जुन्या नोंदी) यात जनावरांना पाणी पाजण्याची वाट नोंदलेली आहे का, एवढं तपासा. नोंद असेल तर ती वाट तारेच्या कुंपणाने बंद करता येत नाही. बोडीत नाला येत असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 प्रमाणे नाला सरकारचा. त्यावरची पाळ वाढवायची असेल तर आधी परवानगी.

2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि काही अटींवर 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना. तीन-चार मीटरची बोडी त्यात बसत नाही. म्हणजे तुमची पाळ तपासायला कोणी सरकारी माणूस येणार नाही. तपासणी तुमचीच आणि जबाबदारीही तुमचीच. हलगर्जीपणामुळे कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 शेतमालकालाही लागू होऊ शकतं.

पाळ चालून बघा

ही तपासणी दरवर्षी मे महिन्यात, पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि बोडी तुडुंब भरल्यावर, अशी तीनदा. सोबत एक माणूस, एक काठी, एक वही. पाळीवर तीन फेऱ्या मारायच्या: एक डोक्यावरून, एक बाहेरच्या उतारावरून, एक बाहेरच्या पायथ्याने. नवखी माणसं डोक्यावरूनच चालून परत येतात, आणि खरी बातमी पायथ्याशी असते.

डोक्यावर बघायचं ते बसलेले भाग. गुरं आणि ट्रॅक्टर जिथून चढतात तिथे पाळ हमखास वीतभर खचलेली असते, आणि पाणी वरून जायचं झालं तर पहिलं तिथूनच जातं. दोन टोकांना खुंट्या मारून दोर ताणला की खड्डा लगेच दिसतो.

भेगा दोन प्रकारच्या. पाळीच्या लांबीने गेलेली भेग कमानीसारखी वळलेली असेल आणि तिच्या खालचा भाग बोटभर जरी खाली सरकला असेल, तर उतार घसरायला लागलाय. लगेच जाणकार इंजिनिअर बोलवा. आडवी, म्हणजे पाण्याकडून बाहेरच्या बाजूला जाणारी भेग अरुंद दिसली तरी जास्त वाईट, कारण ती पाण्याला तयार वाट देते. भेगेत वरून माती सारून मोकळं होऊ नका. ती खणून रुंद करायची, चिकण माती ओलवून वीत-वीत थराने भरायची आणि प्रत्येक थर धुम्मसने ठोकायचा.

झाडांबद्दल सगळ्यांचं चुकतं. बेशरमाची झुडपं आणि मनगटाहून बारीक रोपटी मुळासकट काढा, बिनधास्त. पण पाळीवर उभी असलेली जुनी बाभूळ किंवा मोह एका दिवसात कापून टाकू नका. झाड मेलं की पाच-सात वर्षांत मुळं कुजतात आणि पाळीच्या पोटात नळ्या तयार होतात. मोठी झाडं काढायचीच असतील तर मुळं उकरून, बोडी कोरडी असताना, माती पुन्हा ठोकून. नवीन झाड पाळीवर लावायचं नाही, कितीही प्रेमाने कोणी रोप दिलं तरी. हरळी आणि वाळा यांनी पाळ जेवढी धरून ठेवली जाते तेवढी कशानेच नाही.

घुशीची आणि सायाळीची बिळं, वारुळं, खेकड्यांची भोकं: प्रत्येकावर काठी रोवून ठेवा आणि पाणी भरण्याआधी बुजवा. पिचिंगच्या, म्हणजे पाण्याकडच्या उतारावर रचलेल्या दगडांत हात घालू नका, घोणस तिथेच पडून असते.

सांडवा: इथे कंजुषी नको

मातीची पाळ पाणी अडवू शकते, पण डोक्यावरून वाहणारं पाणी तिला सोसत नाही. पाणी वरून गेलं की बाहेरचा उतार ओरबाडत मागे येतो आणि तासाभरात खिंडार पडतं. म्हणून बोडीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे सांडवा, जादा पाणी बाहेर जायची वाट, आणि नेमकं त्याच्याकडेच कोणी बघत नाही, कारण वर्षातले साडेअकरा महिने तो कोरडा असतो.

हिशेब एकदा करून बघा. समजा बोडीवर 100 एकराचं, म्हणजे 40 हेक्टरचं पाणी उतरतं. हवामान खातं 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर जोरदार पाऊस म्हणतं आणि 115.6 च्या वर अतिजोरदार; आमच्याकडे दोन तासांत 100 मिलिमीटर कोसळण्याचे प्रसंग येतात. त्यातलं अर्धं जमिनीत मुरलं असं धरलं तरी उरतात 20,000 घनमीटर, म्हणजे 2 कोटी लिटर. दोन तासांत आलेलं हे पाणी सेकंदाला 2,800 लिटर पडतं. आता तुमचा सांडवा 3 मीटर रुंद आहे आणि त्यावरून अर्धा मीटर जाड पाणी वाहतंय असं समजा. तो सेकंदाला साधारण 1,800 लिटरच बाहेर काढतो. उरलेले हजार लिटर दर सेकंदाला बोडीतच चढत जातात. पाच मीटर रुंद सांडव्याला हेच पाणी निभावून नेता येतं. हा ढोबळ हिशेब आहे; तुमचं पाणलोट क्षेत्र आणि उतार बघून खरी रुंदी इंजिनिअरकडूनच काढून घ्या. त्या हिशेबाचे पैसे एका मोटरपेक्षा कमी लागतात.

सांडव्याचं तळ भरावाच्या मातीत नको, पाळीच्या टोकाला मूळच्या कठीण जमिनीत हवं. पाळीचं डोकं सांडव्याच्या तळापेक्षा किमान मीटरभर उंच हवं. पाणी जिथे पडतं तिथे दगड हवेत, नाहीतर पडणारं पाणी खाली घळ पाडत पाळीकडे सरकतं.

दोन चुका इतक्या सर्रास होतात की वेगळ्या सांगतो. पहिली, सप्टेंबरात पाणी जास्त साठावं म्हणून सांडव्यात मातीची पोती रचणं. दुसरी, मासळी निसटू नये म्हणून सांडव्यावर जाळं ताणणं.

दुसरी चूक आमच्या बोडीवर झाली आहे. त्या वर्षी मासोळी ठेक्याने दिली होती. श्रावणात रात्रभर पाऊस लागला. पहाटे चारच्या सुमारास सालगडी दारात आला, अंगावर प्लास्टिकचं पोतं, आवाज दबका. "भाऊ, सांडवा वाहून नाही रायला. पाणी पाळीवर चढून रायलं." आम्ही टॉर्च घेऊन धावलो. सांडव्यावरचं जाळं पळसाची पानं, काडीकचरा आणि जलपर्णीने इतकं भरलं होतं की ते भिंतीसारखं उभं होतं. पाणी पाळीच्या डोक्यापासून चार बोटं खाली. जाळ्यासमोर पाण्यात उतरणं म्हणजे मरण, कारण ते सुटलं की माणूसही त्याच्याबरोबर जाणार. सालगड्याने काठावर उभं राहून लांब बांबूला कोयता बांधला आणि वरच्या कोपऱ्यातली दोरी कापली. जाळं अर्धं फाटून बाजूला झालं आणि पाणी असं सुटलं की पायाखालची जमीन हादरली. खाली नाल्याच्या काठावर तीन घरं होती. त्या घरांतली माणसं झोपेतच होती.

मासळीसाठी जाळी लावायचीच असेल तर सांडव्याच्या बऱ्याच अलीकडे, बोडीत, खांबांवर, आणि वरून पाणी सहज जाईल इतकी ठेंगणी. ठेका देताना हे लेखी करून घ्या. रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तेव्हा संध्याकाळी सांडवा साफ आहे की नाही हे स्वतः जाऊन बघायचं, फोनवर विचारून चालत नाही.

पाणी तरीही चढत असेल तर पाळ मधोमध फोडू नका. भरावाला पाडलेली वाट मिनिटांत नदी होते आणि मग ती कोणाच्या हातात राहत नाही. सांडव्याचं तळच कठीण जमिनीत खोल किंवा रुंद करायचं. पाळीवरच्या खचलेल्या जागी पोती रचता येतात, पण पाणी पाळीला लागलं असेल तर वर माणूस ठेवायचा नाही. आधी खालच्या घरांना उठवायचं.

झिरपा आणि तुडूम

जुन्या पाळीतून थोडं पाणी झिरपणारच, त्याने घाबरायचं नाही. बघायचं ते हे: पाणी स्वच्छ आहे की गढूळ, आणि काल होतं तेवढंच आहे की वाढलं. पायथ्याशी लहान चारी काढून झिरपा एका पाइपात आणा आणि 10 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. 40 सेकंद लागले तर दिवसाला 21,600 लिटर. आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा: बोडीची पातळी तीच, आणि 40 चे 25 सेकंद झाले, तर पाळीच्या आत वाट मोठी होते आहे. वहीत तारीख, पातळी आणि सेकंद लिहीत जा.

सगळ्यात वाईट खूण पायथ्याशी दिसते. ओल्या जागेत रुपयाएवढं भोक, त्यातून पाणी वर येतं आणि आतले वाळूचे कण भाताला उकळी आल्यासारखे नाचतात. भोकाभोवती बारीक मातीची अंगठी साचते. ती अंगठी म्हणजे तुमची पाळ, कणाकणाने बाहेर पडणारी. तसंच, वारा नसताना बोडीच्या आत पाळीजवळ एकाच जागी भोवरा फिरताना दिसला, तर त्याच्या खाली भोक पडलेलं असतं.

अशा वेळी माणूस साहजिकच बाहेरून चिखल थापून भोक बंद करतो. तसं करू नका. बाहेरून बंद केलेलं पाणी आत दाब वाढवतं आणि दुसरीकडून फुटतं. भोकावर आधी जाड वाळू, मग बारीक गिट्टी, मग दगड असे थर द्या, म्हणजे पाणी जाईल पण माती अडेल. भोवती पोत्यांचं गोल आळं करून त्यात पाणी चढू दिलं की जोर कमी होतो. आणि बोडीची पातळी उतरवायला घ्या. घाईचा प्रसंग नसेल तर दिवसाला फूटभराहून जास्त उतरवू नका, कारण पाणी एकदम गेलं की पाण्याकडची ओली माती आधार सुटून घसरते.

तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार आणि त्याखालचा पाइप, हे जुन्या बोडीचं दुखणं असतं. पाइप पाळीच्या आरपार गेलेला, सांधे सुटलेले, आणि पाणी पाइपाच्या आतून जाण्याऐवजी बाहेरून माती धुऊन न्यायला लागतं. पाइपाच्या तोंडाशी बाहेरून ओल दिसली तर पुढच्या उन्हाळ्यात तो बदलायचा, डागडुजी नको.

रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. मातीचंच धरण होतं ते, आणि गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधी सांगून ठेवलं होतं. गळती वहीत लिहा म्हणून मी मागे लागतो ते याचमुळे.

उन्हाळ्यात तळ ओळखा

पोहण्याची तयारी मे महिन्यात, बोडी कोरडी किंवा गुडघाभर असताना होते. तेव्हा तळातून चाला. पाळ घालताना माती बोडीच्या पोटातूनच काढलेली असते, त्यामुळे पाळीजवळच अचानक खोल खड्डे असतात. कोणी मुरूम काढून नेला असेल तर कडे उभे राहतात. वरून पाणी एकसारखं दिसतं आणि कमरेएवढ्या पाण्यातला मुलगा पुढच्या पावलाला डोक्यावर बुडतो. असे खड्डे बुजवा किंवा त्यांच्या काठांना उतार द्या. खुंट, तुटलेली तार, जुनं जाळं, काचा काढून टाका.

गाळ काढायलाही हीच वेळ, आणि तो धानाच्या बांध्यांना सोन्यासारखा. पण पाळीच्या पायथ्यापासून लांब राहा, आणि गाळाखालचा चिकण मातीचा थर फोडून मुरुमापर्यंत जाऊ नका. त्या थरामुळेच बोडीत पाणी टिकतं.

मग पोहण्याची जागा ठरवा: सौम्य उतार, पक्का तळ, तुडूम आणि सांडव्यापासून निदान 15 मीटर लांब. बांबूचे खांब रोवून त्यावर दर फुटाला रंगाचा पट्टा मारा, म्हणजे पावसाळ्यानंतर खोली नुसत्या नजरेने कळते. बंद डब्यांचा तरंगता दोर ताणून हद्द घाला.

तुडुमापासून लांब का, ते एका आकड्यात कळेल. 10 फूट पाण्याखाली एक चौरस फुटाच्या उघड्या तोंडावर सुमारे 280 किलोचा जोर असतो. पाय किंवा पाठ त्यात अडकली तर चार माणसांना ओढून निघत नाही. तुडूम उघडं असताना बोडीत कोणीही उतरायचं नाही, आणि चावी कोणाकडे आहे हे पोहण्याआधी ठाऊक हवं.

आता पाण्यात उतरा

दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस चांगले. गाळ बसलेला असतो, पाणी वाहत नसतं. सांडवा वाहत असेल तोवर पोहणं बंद, मग तो दिवस कितीही उघडा असो. उन्हाळ्यात पाण्यावर हिरव्या रंगाच्या पेंटसारखा थर आला तर उतरू नका आणि जनावरांनाही पाजू नका, काही निळे-हिरवे शेवाळ विषारी असतं. उन्हात वरचं पाणी कोमट आणि खाली एकदम गार. तापलेल्या अंगाने सूर मारला की दम कोंडतो. खरं तर डोक्याने सूर मारणं बोडीत कायमचं बंदच ठेवा. बोडीची पातळी दर आठवड्याला बदलते आणि मागच्या रविवारची खोली आज नसते.

शिंगाड्याचे वेल आणि कमळाचे देठ पायांना गुंडाळतात. गुंडाळले तर लाथा झाडायच्या नाहीत, पाठीवर तरंगत हाताने सोडवायचे. गाळात पाय रुतला तर उभं राहून ओढू नका, आडवं होऊन पोटावर सरका. पानदिवड दिसली तर ती बिनविषारी आहे हे मुलांना आधीच सांगून ठेवा. तिच्या भीतीने खोल पाण्याकडे पळणारी मुलं मी पाहिली आहेत.

एक मोठं माणूस काठावर, मोबाइल खिशात, नजर पाण्यावर, दुसरं काम नाही. दर अर्ध्या तासाने माणूस बदला, नाहीतर लक्ष जातंच. लहान मुलाबरोबरचं मोठं माणूस पाण्यातच, हात पुरेल इतक्या अंतरावर. प्यायलेला माणूस पाण्यात नाही, आणि हे सांगताना पाहुण्याचा मान बघायचा नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला आणि गणपती-शारदेच्या विसर्जनाला गावातली पोरं तुमच्या बोडीवर येतील. हाकलू नका, त्यांची पिढ्यांची जागा आहे ती. पण नेमके हे दिवस बोडी तुडुंब असण्याचे. त्या दिवशी खोल बाजूला दोर बांधा, दोन पोहणारी माणसं उभी करा, आणि मूर्ती घेऊन पाळीवरून उतरू न देता घाटाच्या बाजूने न्यायला सांगा.

डोंग्यात बसणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट, पोहता येणाऱ्यालासुद्धा. ट्रकची ट्यूब आणि थर्मोकोलचे तराफे वाऱ्याने मध्यावर जातात आणि तिथे उलटतात, ते नकोच. डोंगा चालवायचा कसा हे गावातल्या ढीवर, म्हणजे मासेमार मंडळींकडून शिका. पाणी वाचण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, आणि कुठे किती खोल हे त्यांना तुमच्याआधीपासून माहीत असतं. गळ टाकायला पाळीचा ओला उतार निवडू नका. बोडीत रोहू, कतला, मृगळ सोडा. थाई मांगूर कोणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका, त्यावर बंदी आहे आणि तो इतर मासळी फस्त करतो.

हिवाळ्यात बदकं येतात, आणि गोंदियाच्या बाजूला असाल तर एखादे वेळी सारसाची जोडी. पहाटे काठावर शांत बसून बघा, डोंगा त्या बाजूला नेऊ नका. दिवेलागणीनंतर मात्र काठ सोडायचा. जंगलालगतच्या बोडीवर रात्रीचं पाणी अस्वल, रानडुक्कर आणि बिबट्याचं.

वीज, दोन्ही प्रकारची

पोहण्याआधी मोटरचा मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात. पाण्याकाठची मोटर, जोड दिलेली केबल आणि ओली जमीन यांनी पाण्याइतकेच जीव घेतलेत. मोटरवर अर्थ लीकेज ब्रेकर बसवून घ्या. आजूबाजूच्या शेतात रानडुकरांसाठी कोणी थेट लाइनची तार लावत असेल तर गोड बोलून, नाही ऐकलं तर तक्रार करून बंद करायला लावा. सौर झटका मशीन चालतं, थेट करंट हा गुन्हा आहे.

आभाळातल्या विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप मोबाइलवर ठेवा. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की सगळे बाहेर, पाळीवरून आणि मोहाखालून दूर, पक्क्या घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही.

खाली कोण राहतं

एका सकाळी सांडव्यापासून नाल्याने खाली चालत जा, पुढची मोठी नदी किंवा तलाव येईपर्यंत. वाटेत किती घरं, गोठे, विहिरी, रपटे (नाल्यावरचे ठेंगणे पूल), वीटभट्ट्या आहेत ते वहीत लिहा. वीटभट्टीवरची मजूर मंडळी पावसाआधी निघतात असं धरून चालू नका. प्रत्येक घरातला एक फोन नंबर घ्या आणि तुमचा द्या. पळायचं तर नाल्याच्या बाजूने खाली नाही, आडवं वर, उंचाकडे, हे त्यांना तोंडी सांगा. रात्री फोन लागत नाही म्हणून हाताने फिरवायचा भोंगा किंवा ढोल हवाच. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर 1077.

कोणी बुडत असेल तर

बुडणारा माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याच्या रेषेत, हात बाजूला दाबल्यासारखे, डोळे शून्य, आणि मिनिटभरात खाली. त्याला वाचवायला उडी मारणारा पोहणारा असला तरी बुडणारा त्याच्या मानेला मिठी मारतो आणि दोघं जातात. म्हणून आधी बांबू पुढे करा, नाही पोचला तर काहीतरी तरंगणारं फेका. पाच लिटरचा तेलाचा कॅन, त्यात दोन पेले पाणी म्हणजे फेकताना दूर जातो, झाकण घट्ट, कडीला 15 मीटर दोर. असे दोन कॅन आमच्या मोहाला कायम टांगलेले असतात. दर महिन्याला एकदा फेकून बघा, मुलांकडून फेकून घ्या.

बाहेर काढल्यावर उलटं टांगू नका, पोट दाबू नका, गरगर फिरवू नका. श्वास नसेल तर पाठीवर झोपवा, मान मागे, नाक दाबून तोंडाने दोन श्वास, छाती वर येताना दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध 30 वेळा दाबा, मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने. पुन्हा दोन श्वास. थांबायचं नाही, दमलात की दुसऱ्याने घ्यायचं. एकाने आधीच 108 किंवा 112 लावलेला असावा, आणि एकाने डांबरी रस्त्यावर जाऊन उभं राहावं, कारण रात्री ॲम्ब्युलन्सला बोडीची वाट सापडत नाही. माणूस शुद्धीवर येऊन बोलायला लागला तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

हे सगळे नंबर वहीच्या पहिल्या पानावर, आणि मोटरच्या खोलीच्या दारावर ऑइल पेंटने. आमच्या दारावर खाली आणखी एक ओळ आहे, डांबरी रस्त्यापासून बोडीपर्यंत यायची: पिंपळापाशी डावीकडे, दुसरा रपटा ओलांडून सरळ.